ऑक्सिजन सेलवरची तारीख खोटी निघाली

नाशिकमध्ये रीब्रीदर (सोडलेला श्वास शुद्ध करून, त्यात ऑक्सिजन मिसळून पुन्हा देणारं डायव्हिंगचं मशीन) वापरणारे फार नसतील, पण डायव्हिंगचं सामान ओळखीतून, ऑनलाइन घेणारे आहेत. त्यांच्यासाठी लिहितोय.

लक्षद्वीपला जाण्याआधी मी तीन ऑक्सिजन सेल मागवले, म्हणजे रीब्रीदरमधला ऑक्सिजन मोजणारे सेन्सर; ऑक्सिजनचा दाब जितका जास्त, तितके मिलिव्होल्ट जास्त. ‘चार महिन्यांपूर्वीचे, न वापरलेले’ म्हणून १९,५०० रुपये आगाऊ दिले. सीलबंद पिशव्या, लेबलवर तारीख. हवेत मोजले तर ८.१, ८.२, ८.३ मिलिव्होल्ट, माहितीपत्रकात किमान ८.५. विक्रेत्याला फोन केला. “अहो, नाशिक उंचावर आहे ना, तिथे एवढंच येणार!” आपण सुमारे ६०० मीटरवर, हवेचा दाब साधारण सात टक्के कमी. हिशेब जुळला. त्याचं एवढं खरं निघालं म्हणूनच बाकीच्यावर विश्वास बसला.

शुद्ध ऑक्सिजनमध्येही तिन्ही ३९ च्या आसपास, हवेच्या पावणेपाच पटीहून किंचित जास्त, म्हणजे अगदी बरोबर. बहुतेक जण इथेच थांबतात. मीही थांबणार होतो.

अंबडमधल्या मित्राने गेज लावलेला छोटा प्रेशर चेंबर करून दिला. (त्यात तेल-ग्रीसचा अंशही नको, दाबाखालच्या ऑक्सिजनमध्ये पेट घेतं.) ऑक्सिजनचा दाब १.६ बारला नेला. आकडा ६६ च्या घरात हवा होता. एक सेल पोचला, दोन ५० लाच अडकले. आतलं शिसं संपत आलं की असंच होतं: कमी दाबाला सेल बरोबर दाखवतो, वर गेलं की त्याची ताकद संपते.

५० म्हणजे १.२ बार. माझा सेटपॉइंट, म्हणजे मशीनने राखायचा ऑक्सिजनचा दाब, १.३. पाण्याखाली मशीनने दोघांचं बहुमत धरून चांगला सेलच बाद केला असता आणि ऑक्सिजन सोडतच राहिलं असतं. त्याचा अतिरेक झाला की आकडी येते, तोंडातला माउथपीस सुटतो, माणूस बुडतो. त्या रात्री मला झोप लागली नाही.

लेबल हेअर ड्रायरने गरम करून सोललं. खाली मूळ तारीख, तीन वर्षांपूर्वीची! सेल वापरायला लागल्यापासून एक वर्ष किंवा उत्पादनापासून दीड वर्ष, जे आधी येईल तेव्हा बदलायचा असतो. पैसे देण्याआधी अनुक्रमांकाचा फोटो मागवून उत्पादकालाच विचारलं असतं तर तिथेच कळलं असतं.

विक्रेता आधी म्हणाला, “तुम्हीच जास्त दाब देऊन बिघडवले.” मग नंबर ब्लॉक. बिल घेतलं नव्हतं. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली, पैसे अजून आलेले नाहीत. परवा त्याची नवी जाहिरात दिसली. पिशव्या तशाच, तारीख या वर्षीची.