कॅसेटी पेन ड्राइव्हवर उतरवून देणारं दुकान : पाचातले चार तारे

दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण खाली तक्रार आहे आणि माझी एक कॅसेट अजून तिथेच आहे. इंदूरच्या जेल रोडवरून आत वळलं की मोबाइल कव्हरांची रांग जिथे संपते, तिथे जिन्याखाली. पाटीवर रेडिओ, टेप, अॅम्प्लिफायर दुरुस्ती एवढंच. पेन ड्राइव्हचं कुठेच लिहिलेलं नाही, विचारावं लागतं. एका कॅसेटचे दीडशे रुपये, पेन ड्राइव्ह आपला. चार दिवस सांगितले, अकरा लागले.

मी पाच कॅसेटी नेल्या, पाचही मॉडर्न टॉकिंग या जर्मन पॉप जोडीच्या. मालक सत्तरीचे असतील. त्यांनी एकेक उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाले, "मैडम, मुझे लगा आप अभंग लाई होंगी." नऊवारीत नव्हते हो मी! पण 1987 साली रामबागेत आमच्या गणेशोत्सवात त्यांच्या 'ब्रदर लुई' गाण्यावर सहा मुलींचा नाच मीच बसवला होता. नाच झाल्यावर शेजारच्या आजोबांनी विचारलं होतं, "हा लुई कुणाचा कोण, गं?" मला तरी कुठे माहीत होतं?

ज्यांना हे दोघे आठवत नाहीत त्यांच्यासाठी सांगते. डीटर बोलेन गाणी लिहायचा आणि चाली बांधायचा, टॉमस अँडर्स गायचा. पश्चिम जर्मनीतले दोघे. पहिलं गाणं 1984 च्या अखेरीस आलं, आणि त्यापासून ओळीने पाच गाणी त्यांच्या देशात पहिल्या नंबरावर गेली. 1985 ते 1987 या तीन वर्षांत सहा अल्बम, म्हणजे वर्षाला दोन. मुखपृष्ठावर एक सोनेरी केसांचा, दुसरा लांब काळ्या केसांचा. त्या दुसऱ्याच्या गळ्यात बायकोचं नाव लिहिलेली ठसठशीत साखळी असायची : नोरा. आमच्या वर्गातल्या निम्म्या मुलींचा त्या नोरावर राग होता.

गाणी सगळी सारखीच, हे माझे भाऊ तेव्हाही म्हणायचे. खरंच आहे. सोऱ्या एक, भाजणी एक, चकलीचे वेढे तेवढे कमीजास्त. सिंथेसायझरचा तोच तुकडा, तोच ठेका, ध्रुवपद आलं की आवाज एकदम टिपेला. पण चकली खुसखुशीत होती, आणि दिवाळीत कुणी म्हणतं का, की कालच्यासारखीच झाली? अर्थात सहाव्या अल्बमपर्यंत तेल जळायला लागलं होतं. 1987 मध्ये दोघे वेगळे झाले, बोलेनने ब्लू सिस्टिम नावाचं दुसरं दुकान मांडलं.

आता कामाबद्दल. दोन कॅसेटींच्या आतली छोटी गादी निखळली होती. फीत हेडला, म्हणजे तिच्यावरचा आवाज वाचणाऱ्या भागाला, दाबून धरते ती. मालकांनी दुसऱ्या रद्दी कॅसेटीतली चिमट्याने काढून बसवली. मग डेकवर गाणं लावलं आणि बारीक पेचकस हेडच्या स्क्रूत घालून केसाएवढा फिरवत राहिले. घोंगडीतून यावा तसा येणारा आवाज हळूहळू मोकळा झाला. झांजेचा 'छिस्' ऐकू आला तेव्हा थांबले. एका कॅसेटीसाठी दहा मिनिटं. प्रत्येक कॅसेटीला हे पुन्हा करतात, आणि त्याचे वेगळे पैसे लावत नाहीत. चार तारे आहेत ते यासाठी.

घरी येऊन पेन ड्राइव्ह लावला आणि डोकं फिरलं. गाणी पळत होती. अँडर्सचा आवाज पातळ, पोरसवदा. माझ्या कानात बसलेला आवाज चांगला भारदस्त होता. दुसऱ्या दिवशी उन्हात परत गेले आणि चारचौघांत सांगितलं, तुमची मशीन फास्ट आहे. मालक काही बोलले नाहीत. त्यांनी मोबाइलवर तेच गाणं लावलं, दुसरीकडे डेकवर माझी कॅसेट. एक कान इकडे, एक तिकडे. दोन्ही अगदी सुरात सूर. मग विचारलं, "घर पे कौन-सा टेप था?" मी म्हटलं, टू-इन-वन, म्हणजे रेडिओ आणि टेप एकत्र, वडिलांनी सियागंजातून आणलेला. "उसका बेल्ट ढीला रहा होगा मैडम. आपने सालों स्लो सुना है."

आणि मला तो मांडव आठवला. नाचाची सगळी तालीम घरच्या टू-इन-वनवर झाली होती. कॅसेटीच्या कागदावर पेन्सिलीने लिहिलेला, गाणं कुठे सुरू होतं तो टेपच्या काउंटरचा आकडा अजून आहे : 'लुई 143'. मांडवात मात्र साउंडवाल्याच्या डेकवर लागली. दुसऱ्या कडव्यापर्यंत सहाही मुली मागे पडल्या, गिरकी पुढच्या ओळीत गेली, डावीकडची रडायला लागली. मी साउंडवाल्याला काय काय बोलले होते! त्याने मुद्दाम स्पीड वाढवला असं आमच्या घरी परवापरवापर्यंत सांगितलं जायचं. त्याची मशीन बरोबर होती. तो टू-इन-वन कधीच भंगारात गेला, नाहीतर निदान आतला रबरी बेल्ट बघितला असता.

साफ आवाजाचा आणखी एक प्रसाद मिळाला. ध्रुवपदातला तो टिपेचा आवाज मी कायम त्या सोनेरी केसांच्या बोलेनचा समजत होते. हेडफोन लावून ऐकलं तर एकावर एक रचलेले तीन-चार गळे. नातवाने शोधून दिलं : ते स्टुडिओतले वेगळे गायक होते, रोल्फ कोलर, मिखाएल शोल्त्स, डेटलेफ वीडेके. गाणं ज्या जागेवरून लोक उचलतात ती जागा यांची आणि मुखपृष्ठावर दोघेच. आमच्या नाट्यसंगीतात साथीदाराचं नाव निदान निवेदक तरी घेतो.

तक्रार आता. एका कॅसेटीच्या बी बाजूचं शेवटचं गाणं अर्ध्यात तुटलंय. दुकानातला मुलगा रेकॉर्डिंग लावून पोहे खायला गेला असणार. विचारल्यावर "आंटी, टेप ही इतना था" म्हणाला. मालकांनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं आणि पैसे न घेता पुन्हा करून दिलं. फायलींना नावं नाहीत, 'नया 1', 'नया 2' असं आहे, ती घरी आपणच द्यायची. आणि कागद अदलाबदल झालेत, 'लुई 143' मला भलत्याच डबीत सापडला. आपल्या कॅसेटींवर आधी नंबर घालून न्या.

पाचवी कॅसेट 1998 ची आहे. दोघे पुन्हा एकत्र आले तेव्हाची, जुनीच गाणी नव्या ठेक्यावर, मध्येमध्ये एक जण रॅप करतो. तेव्हा जर्मनीत पुन्हा पहिल्या नंबरावर गेली होती. मला ती एकदा ऐकून पुरली. 2003 मध्ये दोघे कायमचे वेगळे झाले, त्याचं मला काही वाटलं नाही. ही कॅसेट फारशी वापरलेलीच नाही म्हणून सगळ्यात चांगली असेल असं वाटलं होतं, पण नेमकी हिचीच फीत आत चिकटलीय. मालक म्हणाले, कॅसेटीचं कवच फोडून फीत दुसऱ्या कवचात घालावी लागेल, करू का? मी दोन मिनिटं विचार केला आणि हो म्हटलं. गुरुवारी बोलावलंय. रविवारी बंद असतं, आणि दुपारी दोन ते चार मालक जेवायला जातात, तेव्हा फक्त तो मुलगा असतो.