इस्तंबूलहून आणलेलं सामान: खान्देशच्या उन्हाळ्यानंतर काय टिकलं

ऑक्टोबरअखेर आणलेल्या वस्तू जुलैपर्यंत रोज घरात वापरून झाल्या. मधे जळगावचा मे महिना गेला, बोअरचं क्षाराचं पाणी होतंच, आणि आता पावसाळी दमट हवा. या तिन्हींतून जे तगलं तेच आणण्यासारखं.

सगळ्यात जास्त पैसे वसूल झाले ते पेश्तमालचे. हा तिथल्या हमामातला पंचा: साधारण ९० बाय १७० सेंटिमीटर, सपाट विणीचा, दोन्ही टोकांना गोंडे. नवा असताना तो पाणी टिपत नाही, अंगावरून नुसता सरकतो. म्हणून बरेच जण तो कपाटात टाकून देतात, आणि तिथेच चूक होते. आधी रात्रभर साध्या पाण्यात भिजत घालायचा. तीन-चार धुण्यांनंतर सूत फुलतं आणि मग जाड टॉवेलाची आठवण राहत नाही. सॉफ्टनर अजिबात नको, सुतावर थर बसतो. मशीनमध्ये गोंड्यांच्या गाठी सुटतात, तेव्हा जाळीच्या पिशवीत घालून धुवावा. घेताना लेबलवर ‘पामुक’, म्हणजे कापूस, हा शब्द बघा. शंका असेल तर गोंड्याचा एक धागा जाळून पाहावा: सुताला जळक्या कागदाचा वास येतो आणि राख चुरते, पॉलिएस्टरची कडक गोळी होते. कापसाच्या मुलखातल्या माणसाला एवढं पुरे.

दुसरी खरी कामाची वस्तू जेझवे, कॉफी करायचं लांब दांड्याचं तांब्याचं भांडं. पातळ पत्र्याची, चकचकीत लाखेचा हात दिलेली भांडी शोभेची असतात. गॅसवर ती लाख जळते आणि काळे डाग पडतात. हातात जड लागणारं, दांडा रिव्हेटने पक्का बसवलेलं घ्या. आतून कल्हई असते. कथील २३२ अंशांना वितळतं, म्हणून रिकामं भांडं आचेवर एक मिनिटही ठेवू नये. तळाशी तांबूस ठिपका दिसू लागला की कल्हईवाल्याकडे द्यायचं. तापलेल्या भांड्यात नवसागर, मग कथील, मग कापसाचा बोळा फिरवला की ठिपका रुपेरी होतो. तुर्की भांड्याला आपली कल्हई चांगली बसते. कॉफीचं माप: एका कपाला ६० ते ७० मिली पाणी, दोन चहाचे चमचे पूड, मंद आच. फेस वर आला की उतरवायचं, उकळू द्यायचं नाही. कॉफी मिसर चार्शी या मसाल्यांच्या बाजाराच्या बाजूला, हसिरजिलर रस्त्याच्या तोंडाशी ‘कुरुकाहवेजी मेहमेत एफेंदी’ या १८७१ पासूनच्या दुकानात मिळते. डबा फुटला की वास लवकर उडतो, लहान पुडेच घ्यावेत.

मसाल्यांत जपून. स्वस्तात ‘तुर्की केशर’ म्हणून ढिगाने ठेवलेलं असतं, त्या बहुतेक वेळा करडईच्या पाकळ्या असतात. आपल्या शेतकऱ्याने एका नजरेत ओळखाव्यात अशा. केशराची काडी एका टोकाला तुतारीसारखी पसरते आणि पाण्यात रंग हळूहळू सोडते. पाकळी चपटी असते, तिला वासही नसतो. सुमाक मात्र जरूर आणावं. आंबट, गडद लाल भरड. भरताबरोबरच्या चिरलेल्या कांद्यावर चिमूटभर टाकून बघाच. त्यात बऱ्याचदा मीठ मिसळलेलं असतं, वरून मीठ घालताना हात आखडता ठेवा. डाळिंबाच्या आंबट पाकाच्या बाटलीवर ‘नार एकशिसी’ लिहिलेलं हवं. ‘नार एकशिली सोस’ असेल तर तो साखरेचा नकली प्रकार. बाटली १०० मिलीपेक्षा मोठी असेल तर ती हातातल्या बॅगेत चालत नाही.

मोझॅकचा, म्हणजे रंगीत काचतुकडे चिकटवलेला दिवा सुंदर, पण होल्डर आट्यांचा. आपल्याकडच्या साध्या पिनच्या बल्बला तो चालत नाही. व्होल्टेज जवळपास तेच असल्याने फक्त होल्डर बदलला की काम झालं. तीन-पाच वॉटचा एलईडीच लावा, तापणाऱ्या बल्बने काचांचा डिंक सुटतो.

लोकुमने निराश केलं. साखर आणि स्टार्चचा हा पदार्थ उन्हाळ्यात पाझरतो, पावसाळ्यात चिकटतो. फ्रीजमध्ये ठेवला तर बाहेर काढल्यावर दव धरतो. पिस्त्याचा खवट होतो. आल्यावर पंधरा दिवसांत वाटून संपवावा. फ्रिजवरच्या मॅग्नेटचं चुंबक डिंक सुटून पडतं, एवढंच.

शेवटच्या दिवसाची वाट उताराची ठेवा, पिशव्या वरून खाली येतात. सकाळी सुलेमानिये मशीद (वास्तुविशारद मिमार सिनानने बांधलेली, १५५७ मध्ये पूर्ण), पण नमाजाच्या वेळा टाळून, आणि शुक्रवारची दुपार तर नकोच. मग ग्रँड बाजार. तो रविवारी बंद असतो, म्हणजे विमान सोमवारी पहाटेचं असेल तर शनिवारीच उरका. तिथे छत आणि गल्ल्या डोळे भरून पाहाव्यात, घ्यायचं खाली महमूतपाशाच्या उतारावर, जिथे तिथली माणसं घरचं कापड-भांडी घेतात. पेश्तमाल, भांडी तिथेच पाहा. उतार संपला की मिसर चार्शी, पुढे एमिनोनूचा धक्का आणि गलाटा पूल.

पॅकिंग विमानापुरतं करू नका. मुंबईहून जळगाव-भुसावळपर्यंतच्या गाडीत बॅग सीटखाली आडवी ढकलली जाते, चित्रांच्या थाळ्यांचे कंगोरे तिथेच उडतात. थाळ्या पेश्तमालमध्ये एकेक गुंडाळून उभ्या लावाव्यात, आडव्या थप्पीत नव्हे. आणि उठावाच्या रंगाच्या थाळ्या भिंतीवरच लावा, त्यांत जेवायचं नाही.