साडेसात केव्हीए जनरेटरवर इन्व्हर्टर वेल्डिंग: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

पानशेतच्या पलीकडे, जिथे विजेची लाइन अजून आलेली नाही अशा पत्र्याच्या शेडमध्ये, ऑक्टोबर ते जून ही जोडी चालली आहे. जनरेटर साडेसात केव्हीएचा, सिंगल फेज, डिझेल, १५०० आरपीएमचा, एव्हीआर (व्होल्ट आपोआप स्थिर ठेवणारं कार्ड) असलेला. त्यावर २०० अँपिअरचं आयजीबीटी (झटपट चालू-बंद होणाऱ्या इलेक्ट्रॉनिक स्विचचं) इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन. काम गोठ्याच्या कैच्या, ग्रिल आणि ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या दुरुस्तीचं. जोडी चांगली चालते. पण घेताना दुकानात जो हिशेब सांगतात, तो अर्धाच असतो.

दहा नंबरचा रॉड, म्हणजे ३.१५ मिमी, ११० अँपिअरवर चालवला की आर्कवर, म्हणजे रॉड आणि लोखंडातल्या ठिणगीवर, साधारण २४ व्होल्ट असतात. म्हणजे आर्कमध्ये २.७ किलोवॉट. मशीनची कार्यक्षमता ८५ टक्के धरा, तर आत ३.२ किलोवॉट जायला हवेत. इथवर सगळे सांगतात. पण पीएफसी (पॉवर फॅक्टर सुधारणारं सर्किट) नसलेल्या इन्व्हर्टरचा पॉवर फॅक्टर, म्हणजे ओढलेल्या केव्हीएपैकी खरोखर कामाला येणारा वाटा, ०.७ च्या आसपास असतो, त्यामुळे जनरेटरवर साडेचार केव्हीए पडतात, जवळपास २० अँपिअर. पाच केव्हीएचा जनरेटर तिथेच काठावर आला. त्यात पुणंच ५६० मीटर उंचीवर, डोंगराकडे आणखी वर. टर्बो नसलेलं इंजिन दर ३०० मीटरला साधारण तीन टक्के ताकद गमावतं. बारा नंबरचा बारीक रॉड ८० अँपिअरवर तीन केव्हीएत भागतो. आठ नंबरचा जाड रॉड १५० अँपिअरवर साडेसहा मागतो. या जनरेटरवर तो ओढला जातो, पण अधूनमधून, दिवसभर नाही. जुनं दोन फेजचं ट्रान्सफॉर्मर मशीन मात्र याला जोडायचा विचारही करू नये.

आता महत्त्वाचं. सगळ्यांचं लक्ष आर्क धरताना काय होतं याकडे असतं. तेव्हा दिवे मंद होतात, इंजिन एकदा हुंकारतं आणि सावरतं. मशीनचा जीव जातो तो आर्क तुटण्याच्या क्षणी. लोड एकदम गेला तरी गव्हर्नरने (इंजिनाचा वेग सांभाळणाऱ्या यंत्रणेने) डिझेल अजून उघडंच ठेवलेलं असतं, इंजिन वर उसळतं आणि व्होल्टही उसळतात. मशीनच्या आत २३० व्होल्टचे रेक्टिफायरनंतर (एसीचा डीसी करणाऱ्या भागानंतर) ३२५ व्होल्ट डीसी होतात. २७० झाले तर ३८० होतात, आणि आतले मोठे कपॅसिटर बहुतेक ४०० व्होल्टचे असतात. मध्ये उरलं काय?

मिन-मॅक्स पकडणारा मल्टिमीटर सॉकेटला लावून पाहिलं. रिकामा २३२, आर्क चालू असताना २२१, रॉड उचलताच क्षणभर २४६. हे एव्हीआरवर. एव्हीआरऐवजी कपॅसिटरवर व्होल्ट सांभाळणाऱ्या जनरेटरवर तोच रॉड उचलला की आकडा २७० च्या पुढे गेलेला दिसला. म्हणून जनरेटर घेताना आपलं मशीन दुकानात घेऊन जा, दहा नंबरचा रॉड पेटवा, झटकन उचला आणि मीटर बघा. २६० च्या वर गेला तर तो जनरेटर सोडून द्या, किंमत कितीही कमी असो. साधा क्लॅम्प मीटर इथे अँपिअर कमी दाखवतो, कारण इन्व्हर्टर करंट झटक्याझटक्याने ओढतो. असा तुटक करंटही बरोबर मोजणारा ट्रू आरएमएस मीटरच वापरा.

ही उसळी कमी करायचा स्वस्त उपाय म्हणजे जनरेटरवर थोडा कायमचा लोड ठेवणे. एक ५०० वॉटचा हॅलोजन आणि रॉड सुकवायचा ओव्हन सतत चालू असतो. आर्क तुटला तरी इंजिन पूर्ण मोकळं होत नाही. शिवाय इंजिनासाठीही ते बरं: डिझेल तासन्‌तास रिकामं चालवलं की नीट जळत नाही, सायलेन्सरमधून काळा तेलकट ओघळ येऊ लागतो. टाके मारण्याच्या (जागोजागी थोडंसं जोडून ठेवण्याच्या) कामात हे फार होतं, कारण तिथे आर्क दोन सेकंद आणि मापं घेणं पाच मिनिटं. टाक्यांचं काम एकत्र करून जनरेटर मध्ये बंद ठेवणं परवडतं.

मशीनवर हॉट स्टार्ट (आर्क पेटताना जादा करंट देणारं) आणि आर्क फोर्सची बटणं असतील तर दोन्ही खाली ठेवा. आर्क फोर्स वर असला की रॉड जवळ गेल्यावर करंट झपकन वाढतो, आणि जनरेटरला तो प्रत्येक वेळी नवा धक्का असतो. आमच्याकडे आर्क फोर्स वर असताना एव्हीआर हेलकावे खायचा, दिवे लुकलुकायचे. खाली आणल्यावर बरंचसं थांबलं, उरलेलं एव्हीआरवरचा स्टॅबिलिटीचा स्क्रू अगदी थोडा फिरवून. तो स्क्रू जाणकारानेच फिरवावा. बाजूलाच व्होल्टचा असतो आणि दोन्ही दिसायला सारखे.

चौदा इंची कटर आणि वेल्डिंग एकाच वेळी चालवू नका. कटर सुरू होताना इंजिन इतकं दबतं की फ्रिक्वेन्सी पडते, आणि फ्रिक्वेन्सी पडली की एव्हीआर मुद्दाम व्होल्ट खाली आणतो. मग हातातला आर्क विझतो, रॉड चिकटतो. चार इंची ग्राइंडर चालून जातो.

वायर वीस मीटर असेल तर ४ स्क्वेअर मिमी तांब्याची घ्या. २० अँपिअरला सुमारे चार व्होल्ट पडतात. दीड स्क्वेअरच्या तयार एक्स्टेंशनवर दहा-अकरा व्होल्ट जातात आणि गुंडाळी गरम होते, ती पूर्ण उलगडूनच वापरावी लागते. ३२ अँपिअरचा डबल पोल एमसीबी पुरेसा.

अर्थिंगबद्दल बेफिकिरी फार दिसते. बऱ्याच छोट्या जनरेटरचा न्यूट्रल बॉडीला जोडलेला नसतो, मग लावलेला आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) शॉक बसला तरी पडत नाही. इलेक्ट्रिशियनकडून न्यूट्रल एकाच ठिकाणी बॉडीला आणि अर्थिंगला जोडून घ्या. आणि वेल्डिंगचा अर्थ क्लॅम्प कामाच्या शक्य तितक्या जवळ, घासून स्वच्छ केलेल्या लोखंडावर लावा. क्लॅम्प सैल असेल आणि काम शेडच्या खांबाला टेकलेलं असेल, तर शंभर अँपिअर परतीची वाट अर्थिंगच्या बारीक वायरीतून शोधतात आणि ती जळते.

चालू-बंदचा क्रम असा: जनरेटर लोडशिवाय तीन-चार मिनिटं, फ्रिक्वेन्सी ५२ हर्ट्झच्या आसपास दिसली की एमसीबी, शेवटी मशीन. बंद करताना उलट. मशीन चालू ठेवून डिझेल संपू देऊ नका.

डिझेल दिवसाच्या सरासरीने तासाला सव्वा लिटर लागतं. कॅनमधलं डिझेल जूनपासून जाळीतून गाळूनच ओतावं, पाणी आलेलंच असतं. मशीनची तक्रार धुळीची: पंखा ग्राइंडरची लोखंडी धूळ आत ओढतो आणि ओलसर हवेत ती कार्डावर चिकटते. महिन्यातून एकदा कंप्रेसरच्या हलक्या हवेने फुंकून काढतो. झाकण उघडण्याआधी प्लग काढून दहा मिनिटं थांबा, कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो. एप्रिलच्या दुपारी पत्र्याखाली पिवळा दिवा लागून मशीन दोनदा थांबलं. तेव्हा स्विच बंद करू नका, पंखा चालू राहिला की ते आपोआप पूर्ववत होतं.

पावसात ६०१३ (नेहमीच्या कामाचे) रॉड ओव्हनमध्ये १०० अंशांवर तासभर ठेवले की तडतड आणि भोकं थांबतात. ७०१८ (जास्त मजबूत जोडाच्या) रॉडला मात्र ३०० अंशांच्या वर लागतं, तो आमच्या छोट्या ओव्हनचा आवाका नाही. ट्रॉलीच्या अ‍ॅक्सलजवळचं ७०१८ चं काम त्यामुळे सीलबंद पाकीट त्याच दिवशी फोडून करावं लागतं.