एसटीचं अर्धं तिकीट : माल घेऊन फिरणाऱ्या बाईचा अभिप्राय

आमचा बचत गट शेंगा चटणी आणि कडक भाकरी करतो. माल घेऊन तुळजापूर, अक्कलकोट, पंढरपूर करायचं काम माझ्याकडे आहे. त्यामुळे एसटीच्या महिला सन्मान योजनेवर मी लिहिलंच पाहिजे.

१७ मार्च २०२३ पासून ही सवलत चालू आहे. पंचाहत्तरीच्या आतली बाई कुठल्याही वयाची असो, गाडी साधी असो की शिवशाही, तिकीट निम्मं. मला यातलं सगळ्यात काय आवडलं सांगू? योजना सुरू झाली तेव्हा अर्ज नव्हता, उत्पन्नाचा दाखला नव्हता, बँक खात्याला काही जोडायचं नव्हतं. कंडक्टरला गाव सांगायचं, मशीनमधून महिला सवलतीचं तिकीट यायचं, संपलं. आमच्यातल्या ज्या बायकांना सही करायचाही संकोच वाटतो, त्यांनाही हा लाभ पहिल्या दिवसापासून मिळाला.

आमच्या धंद्यात फरक कुठे पडला ते सांगते. पूर्वी भाड्याला परवडावं म्हणून माल साठवायचो आणि एकदम न्यायचो. चटणी उखळात कुटलेली, तेल सुटलेली. ती पडून राहिली की खवट वास धरते, गिऱ्हाईक नाक मुरडतं. आता जायच्या पैशात जाऊन-येऊन होतं, म्हणून थोडा थोडा माल नेते. चटणी ताजी जाते, भाकरीचा चुरा कमी होतो. वडापच्या, म्हणजे माणशी भाडं घेणाऱ्या खासगी जीपमध्ये मांडीवर पिशव्या घेऊन दाटीवाटीनं बसणंही सुटलं. जानेवारी २०२५ मध्ये भाडं १४.९५ टक्क्यांनी वाढलं, तेव्हा आम्हाला झळ निम्मीच बसली.

गाडीत सोबतीला कोण असतं बघा. एक्स-रेची पिशवी घेऊन सिव्हिलला निघालेली, लेकीच्या बाळंतपणाला चाललेली, आठवडी बाजार करणारी. ‘बायका उगाच फिरायला लागल्या’ असं जे म्हणतात, त्यांनी एकदा गाडीत चढून या पिशव्या बघाव्यात. आणि एखादी देवदर्शनाला निघाली असली तरी बिघडलं काय? तिनंही जावं.

बचत गटाच्या प्रशिक्षणात ‘जेंडर बजेट’ शिकवतात. सरकारनं बायकांसाठी वेगळं ताट वाढायचं असा त्याचा अर्थ नाही. जो पैसा खर्च होतो तो बाईपर्यंत किती पोचतो, हे अंदाजपत्रक करतानाच बघायचं. ऑस्ट्रेलियानं १९८४ मध्ये याची सुरुवात केली. आपल्या केंद्राच्या अंदाजपत्रकात २००५-०६ पासून तसं वेगळं विवरणपत्र जोडतात. पूर्ण बायकांसाठीच्या योजना एका भागात, निदान ३० टक्के वाटा असलेल्या दुसऱ्या भागात, आणि अलीकडे त्याहून कमी वाट्याच्या तिसऱ्या भागात. २०२५-२६ ला हा आकडा ४.४९ लाख कोटींचा होता, एकूण अंदाजपत्रकाच्या ८.८६ टक्के. आकडा मोठा आहे. पण बायका प्रत्यक्ष मोजल्या तरच त्याला अर्थ. अर्ध्या तिकिटाचं मोठेपण मला इथं दिसतं. बाई चढली की तिकीट निघतं, तिकीट निघालं की नोंद होते, आणि त्या नोंदीवर उरलेले पैसे राज्य सरकार एसटी महामंडळाला देतं. कुठल्या मार्गावर, किती वाजता, किती बायका, हे सगळं मशीनमध्ये आहे.

मग ते वापरा ना! माझी पहिली मागणी हीच. या नोंदी बघून वेळापत्रक करा. बाजार उठल्यावर, दवाखान्याची ओपीडी सुटल्यावर फेऱ्या लागतात. तिकीट निम्मं केलं पण परतीची गाडीच नसेल तर बाई वडापलाच पूर्ण पैसे मोजणार.

दुसरी, स्वच्छतागृहांची. पुरुषांना मुतारी फुकट आणि बायकांना पैसे, याविरुद्ध २०११ पासून ‘राइट टू पी’ चळवळीतल्या बायका मुंबईत भांडल्या. आम्ही प्रवासाला निघताना पाणी कमी पितो, हे सोलापूरच्या उन्हात! महापालिकांना महिला आणि बालकल्याणासाठी ५ टक्के निधी ठेवायचा असतो. त्यातून शिलाई मशीन द्या, मी नको म्हणत नाही. पण रात्री उजेड असलेला बसथांबा आणि कडी लागणारं दार यावर आधी खर्च करा, ते शंभर जणींच्या उपयोगाचं आहे.

तिसरी गोष्ट आपल्या सोलापूरचीच. सवलत राज्याच्या हद्दीपर्यंत. आपल्याकडे कितीतरी जणींचं माहेर इंडी, विजयपूर, कलबुर्गीकडं. विजयपूरच्या रस्त्यावर टाकळीजवळ भीमेचा पूल ओलांडला की कर्नाटक, आणि पुढचं भाडं पूर्ण. कर्नाटकानं जून २०२३ पासून बायकांना प्रवास मोफत केला, पण तो तिथल्या रहिवासी बायकांना. दोन्ही सरकारांनी बसून सीमेवरच्या तालुक्यांपुरता तरी हा प्रश्न सोडवावा.

सवलतीला माझ्याकडून पाचपैकी पाच. फेऱ्या आणि स्वच्छतागृहं धरून अख्ख्या सोयीला तीन. विजयपूरकडं जाणाऱ्या बहिणींनी हद्दीच्या पुढचं भाडं धरूनच पैसे जवळ ठेवावेत.