हवाई युद्ध आणि मन: सदाशिव पेठेतील एक अभ्यासवर्ग

हवाई हल्ल्यांच्या मानसिक परिणामांवरील हा सशुल्क अभ्यासवर्ग, लोहगाव हवाई तळावरील सुखोई लढाऊ विमानांचा गडगडाट कौतुकाने ऐकणाऱ्या पुणेकरांनी आवर्जून करावा असा आहे. दुसऱ्या महायुद्धातले जर्मन स्टुका बॉम्बफेकी विमान सूर मारू लागले की वाऱ्याने फिरून किंचाळणाऱ्या भोंग्याचे ध्वनिमुद्रण व्याख्यात्यांनी ऐकवले, तेव्हा सभागृहातली कुजबुज क्षणात थांबली. मात्र कान सरावल्यावर ती धास्ती ओसरते आणि भोंग्यामुळे विमानाचा वेगही घटतो, म्हणून पुढे तो अनेक विमानांवरून काढून टाकला गेला, हा तपशील मला सर्वांत मोलाचा वाटला. बॉम्बफेकीने नागरिकांचे मनोधैर्य कोसळेल, हे इटालियन सेनानी जुलिओ दुए यांचे १९२१ मधील भाकीत १९४०-४१ मधील लंडनवरच्या जर्मन बॉम्बहल्ल्यांत फोल ठरले, आणि मानसिक रुग्णांची अपेक्षित लाट आलीच नाही. याउलट १९९१ च्या आखाती युद्धात, आधी इशाऱ्याची पत्रके आणि मागोमाग अमेरिकेच्या अवजड बी-५२ विमानांचा बॉम्बवर्षाव, या जोडीने खंदकांतील इराकी सैनिकांचा धीर खचवला. ड्रोनचा भाग मात्र घाईत उरकला, हे खटकले. शुल्क वाजवी आहे. दुचाकी लावायला जागा मिळेलच असे नाही.