एका अक्षराचे शब्द एका गठ्ठ्यात: इंग्रजी शब्दपत्त्यांचा संच

गोव्यात मराठी माध्यमाच्या सरकारी प्राथमिक शाळेतून चौथी संपवून पाचवीत जाणाऱ्या बहुतेक मुलांना एका सुट्टीच्या अंतराने जवळजवळ सगळे विषय इंग्रजीतून शिकावे लागतात, आणि त्या वेळी त्यांना व्याकरणापेक्षा शब्दांची उणीव अधिक जाणवते. पुतणीसाठी फोंड्याच्या बाजारातून आणलेला हा शब्दपत्त्यांचा संच नेमकी तीच उणीव भरून काढण्यासाठी तयार केलेला आहे. 26 अक्षरांचे 26 गठ्ठे असून प्रत्येक पत्त्यावर एक शब्द, त्याचा देवनागरीत उच्चार, मराठी अर्थ आणि एक लहान वाक्य दिलेले आहे. किंमत 350 रुपये आहे. पत्ते जाड असल्यामुळे पावसाळ्यातील दमट हवेतही ते वाकले नाहीत.

अक्षरानुसार केलेली मांडणी मुलांना लगेच आपलीशी वाटते, कारण ‘नाव, गाव, फळ, फूल’ खेळताना एका अक्षरावरून शब्द शोधण्याची सवय त्यांना आधीच लागलेली असते. गणेश चवथीच्या सुट्टीत घरी जमलेल्या भावंडांनी एकाने अर्थ वाचावा आणि दुसऱ्याने शब्द सांगावा, असा खेळ स्वतःहून सुरू केला. वाचलेला शब्द ओळखण्यापेक्षा तो स्वतः आठवून उच्चारल्याने अधिक पक्का होतो, आणि आद्याक्षर ठाऊक असले की आठवण्याला पुरेसा आधार मिळतो.

संचाचे खरे मोल मला ‘सी’च्या गठ्ठ्यात दिसले. मराठीत अक्षर आणि उच्चार बहुतांशी हातात हात घालून चालत असल्याने इंग्रजीतही तसेच असेल, असे मूल गृहीत धरते. येथे कॅट, कॉट, कट हे पत्ते एका रंगाचे असून सेल, सिटी, सायकल दुसऱ्या रंगाचे आहेत. ‘ई’, ‘आय’ किंवा ‘वाय’ पुढे आल्यास ‘सी’चा उच्चार सहसा ‘स’ होतो, हा नियम कुणी न सांगता पुतणीने रंगांवरून काढला. ‘सी-एच’चे तर तीन गट केले आहेत: चेअर, ग्रीकमधून आलेला कॅरॅक्टर आणि फ्रेंचमधून आलेला शेफ. ‘के’च्या गठ्ठ्यात नी, नाइफ आणि नॉट एकत्र ठेवले आहेत. यांतील ‘के’ जुन्या इंग्रजीत उच्चारला जात असे, ही माहिती तळटीपेत दिली असती तर मुलांना तो अकारण छळ वाटला नसता.

याच मांडणीतून संचाचा मोठा दोषही उद्भवतो. ‘क्वाइट’ (quite) आणि ‘क्वायट’ (quiet), ‘अडॅप्ट’ (adapt) आणि ‘अडॉप्ट’ (adopt), ‘लूज’ (lose) आणि ‘लूस’ (loose) या जोड्या अकारविल्हे क्रमामुळे शेजारी आल्या आहेत. दिसण्यात आणि ऐकण्यात जवळ असलेल्या अशा शब्दांच्या गोंधळाचा भाषाशास्त्रज्ञ बातिया लाउफर यांनी सविस्तर अभ्यास केला आहे. जोडीतील एक शब्द पक्का होऊ देऊन मगच दुसरा शिकवणे योग्य, म्हणून मी प्रत्येक जोडीतील एक पत्ता काढून वेगळ्या डबीत ठेवला. प्रकाशकाने हे स्वतःच करायला हवे होते.

‘एक्स’च्या गठ्ठ्यात झायलोफोन आणि एक्स-रे यांपलीकडे फारसे काही नाही, आणि तेथे अधिकाची अपेक्षाही नाही. ‘एस’चा गठ्ठा मात्र सर्वांत जाड आहे. त्यातील सीड, सॉइल, स्टेम, स्प्राउट हे पत्ते बाजूला काढले की विज्ञानातील वनस्पतींच्या धड्याची अर्धी तयारी होते. असे विषयवार शब्द निवडण्यासाठी पत्त्याच्या कोपऱ्यात एखादी खूण असती, तर शिक्षकांनाही हा संच वर्गात वापरता आला असता. सध्या ते काम पालकांनाच पेन्सिलीने करावे लागते, आणि तेवढा वेळ देण्याची तयारी असलेल्यांनीच तो विकत घ्यावा.