सागवानी रॅक की लोखंडी कपाट? जुन्या वाचनालयांसाठी

खानदेशातल्या जुन्या वाचनालयांच्या बैठकीत हा प्रश्न हमखास निघतो. माझं मत आधीच सांगतो: रॅक जुन्या सागाचे असतील तर काढू नका. प्लायवूडचे किंवा आंब्याच्या फळ्यांचे असतील तर लोखंडी कपाटं घ्या.

सागाच्या गाभ्याला वाळवी, आमच्याकडची उधई, सहसा तोंड लावत नाही. आंबा आणि साधं प्लायवूड मात्र पोखरते. पण लोखंड आणलं की उधई हरली, असं नाही. एका गावात भिंतीला टेकलेलं लोखंडी कपाट आम्ही पुढे ओढलं, तर मागे पेन्सिलीएवढी मातीची नळी जमिनीपासून वर चढून पत्र्याच्या सांध्यातून आत शिरलेली. आतला रुमाल, म्हणजे जुने कागद बांधलेलं कापडी गाठोडं, वरून धड होता. सोडला, तर मोडी कागदांच्या मधोमध नुसती माती. १९२६ साली धुळ्यात वारलेल्या इतिहासाचार्य राजवाड्यांनी अशीच दप्तरं गावोगाव फिरून गोळा केली होती. तो रुमाल बघताना तेच आठवत राहिलं.

म्हणून रॅक असो वा कपाट, भिंतीपासून वीतभर पुढे घ्या आणि मागून टॉर्च मारून दर महिन्याला बघा. धाब्याचं, म्हणजे सपाट मातीच्या छताचं घर असेल तर छताचे सरे, म्हणजे आडवी लाकडंही बघा, उधई तिथूनही उतरते. वाळवीचं औषध जमिनीत आणि भिंतीच्या कडेलाच मारून घ्या. पुस्तकांवर कधीच नाही.

ओलीच्या बाबतीत लाकूड सरस. ते थोडी ओल शोषतं, थोडी सोडतं. झरोके नसलेल्या पत्र्यात पावसाळ्यात दमट हवा कोंडते, आणि आर्द्रता ६५ टक्क्यांवर टिकली की बुरशी धरते.

डांबरगोळ्या की वेखंड? गोळ्यांचा वास कसरीला, म्हणजे कागद खाणाऱ्या बारीक किड्याला, लांब ठेवतो, वाळवीला नाही, आणि बंद खोलीत बसणाऱ्या माणसाच्या डोक्यात जातो. वेखंड पुरचुंडीत ठेवा, पण वास उडाला की उपयोग संपला. कडुनिंबाचा पाला पानांत घालू नका, डाग पडतात.

कीड लागलेल्या ग्रंथासाठी मी डीप फ्रीझर निवडेन. हवा काढून घट्ट बंद केलेल्या प्लास्टिक पिशवीत, उणे २० अंशांवर, दोन आठवडे. विषाचा अंशही मागे राहत नाही. बाहेर काढल्यावर दिवसभर पिशवी उघडू नका, नाहीतर गार कागदावर दव धरतं. ताडपत्रं आणि काचेच्या निगेटिव्ह मात्र जाणकाराला विचारल्याशिवाय फ्रीझरमध्ये ठेवू नका.